सॉफ्टवेअरमध्ये जगभरची चलनं: पहिल्या दिवसापासून काय सांभाळाल

काही वर्षांपूर्वी नाशिकच्या एका द्राक्ष निर्यातदारासाठी बिलं करणारं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, तेव्हा परदेशी चलन म्हणजे रुपयाच्या चिन्हाच्या जागी युरोचं चिन्ह टाकणं, एवढीच माझी समजूत होती. पहिला हंगाम निभावला. दुसऱ्या हंगामात कुवेतचा खरेदीदार आला. भाव ठरला पेटीमागे १.८७५ दिनार, माल २,४०० पेट्या. माझ्या डेटाबेसमध्ये भावाच्या कॉलमला दोनच दशांश स्थळं होती. त्याने मुकाट्याने १.८८ लिहून घेतलं आणि ४,५०० दिनारचं बिल ४,५१२ चं झालं. फरक बारा दिनारचा, म्हणजे तेव्हाचे अडीच-तीन हजार रुपये. चूक खरेदीदाराने पकडली, आम्ही नाही. निर्यातदार मला एवढंच म्हणाले, "अहो, आम्ही पै-पैचा हिशोब ठेवतो, आणि तुमचा कॉम्प्युटर पैसे वाढवतो?"

त्यानंतर शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे. तुम्ही बिलिंग, ऑनलाइन दुकान, पगारपत्रक किंवा प्रवासखर्चाचं अॅप पहिल्यांदाच लिहीत असाल, तर कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी हे वाचून घ्या. डेटाबेसमध्ये लाखभर नोंदी साचल्यावर चलनाच्या कॉलमची दुरुस्ती करणं किती जिवावर येतं, ते मी दोनदा अनुभवलं आहे.

सुरुवातीला काय जवळ ठेवाल

• चलनांचे कोड ठरवणाऱ्या आयएसओ ४२१७ या मानकाची चालू यादी. स्वित्झर्लंडची सिक्स ही संस्था ती सांभाळते आणि फुकट उतरवून घेता येते. सोबत बाद झालेल्या चलनांची वेगळी यादीही मिळते, तीही घ्या.
• सीएलडीआर हा युनिकोडचा, म्हणजे जगभरच्या लिपींच्या मानकाचा, माहितीसाठा. कोणत्या भाषेत आकडा आणि चिन्ह कसं लिहितात, ते त्यात असतं. थेट वापरावा लागत नाही. जावा, जावास्क्रिप्ट, अँड्रॉइड सगळे पोटात तोच घेऊन बसलेले असतात.
• तुमच्या प्रोग्रॅमिंग भाषेतला दशांश प्रकार: जावात बिगडेसिमल, पायथनमध्ये डेसिमल, सी शार्पमध्ये डेसिमल, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये न्यूमेरिक.
• तुमच्या पेमेंट गेटवेच्या (ग्राहकाच्या कार्डावरून पैसे घेऊन देणाऱ्या सेवेच्या) माहितीपत्रातलं 'रक्कम कोणत्या एककात पाठवायची' हे पान. छापून भिंतीवर लावा.
• ग्राहकाच्या सीएचा किंवा हिशोबनीसाचा एक तास. यादीतली सगळ्यात महाग आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच.

१. रक्कम आणि चलन, जोडी कधी तोडू नका

५०० हा आकडा आहे. ५०० रुपये ही रक्कम आहे. तुमच्या कोडमध्ये रक्कम नावाचा एक स्वतंत्र प्रकार बनवा, त्यात आकडा आणि चलनाचा कोड एकत्र राहू द्या. दोन रकमांची बेरीज करताना चलनं वेगळी निघाली तर प्रोग्रॅमने तिथेच थांबून चूक दाखवली पाहिजे. मनाने रूपांतर करू नये आणि गप्पही बसू नये.

डेटाबेसमध्येही तेच. रकमेच्या प्रत्येक कॉलमशेजारी तीन अक्षरांचा चलनाचा कॉलम. 'आपण तर फक्त रुपयातच धंदा करतो' असं ग्राहक पहिल्या बैठकीत हमखास सांगतो. ऐकून घ्या, पण कॉलम ठेवा.

इथला नेहमीचा खड्डा अहवालांमध्ये असतो. कोणीतरी 'एकूण विक्री' काढायला नुसती रकमेची बेरीज मागतो, आणि रुपये, युरो, दिनार एकाच डब्यात जाऊन ७,४०,००० असा गोंडस आकडा येतो. कशाचे ७,४०,०००, हे सांगता येत नाही. बेरजेची प्रत्येक क्वेरी चलनानुसार गट पाडूनच लिहायची, अशी सवय लावून घ्या.

२. चलन ओळखा कोडवरून, चिन्हावरून नाही

डॉलरचं चिन्ह अमेरिकेचं, कॅनडाचं, ऑस्ट्रेलियाचं, सिंगापूरचं, हाँगकाँगचं आणि मेक्सिकोच्या पेसोचंही. ¥ हे जपानी येनचं आणि चिनी युआनचंही. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, आइसलंड चौघेही आपापला क्रोन किंवा क्रोना 'केआर' असाच लिहितात. डेटाबेसमध्ये चिन्ह साठवलंत तर पुढे कोणाचा डॉलर कोणता, ते तुमचं तुम्हालाच कळणार नाही.

म्हणून आयएसओ ४२१७. हे मानक १९७८ मध्ये आलं. तीन अक्षरांपैकी पहिली दोन बहुधा देशाच्या कोडची आणि तिसरं चलनाच्या नावाचं: भारताचा आयएन आणि रुपयाचा आर मिळून आयएनआर, अमेरिकेचा यूएस आणि डॉलरचा डी मिळून यूएसडी. स्वित्झर्लंडचा कोड सीएचएफ, कारण त्या देशाचं लॅटिन नाव सीएच या अक्षरांवर बेतलेलं. कोणत्याही एका देशाचा नसलेला कोड एक्सने सुरू होतो: सोनं एक्सएयू, चांदी एक्सएजी, नाणेनिधीचं एसडीआर हे एकक एक्सडीआर. चाचणीसाठी एक्सटीएस हा कोड राखून ठेवलेला आहे, तो जरूर वापरा. 'चलनच नाही' असं सांगायला एक्सएक्सएक्स आहे.

प्रत्येक कोडला तीन अंकी जोडीदारही असतो. रुपया ३५६, अमेरिकी डॉलर ८४०, येन ३९२, युरो ९७८. हे अंक पूर्णांक म्हणून साठवू नका. बहारीनच्या दिनारचा अंक ०४८ आहे, ऑस्ट्रेलियन डॉलरचा ०३६. पूर्णांकात टाकलेत की पुढचं शून्य गेलं, आणि कार्ड व्यवहारांच्या फाइली पलीकडून परत येतात.

आणखी एक, देशावरून चलन ठरवू नका. इक्वाडोरमध्ये २००० पासून अमेरिकी डॉलर चालतो. भूतानमध्ये ङुल्त्रुमबरोबर आपला रुपयाही चालतो. नाशिकचा निर्यातदार दुबईच्या माणसाला डॉलरमध्ये बिल देतो, दिरहॅममध्ये नाही. देश आणि चलन हे दोन वेगळे प्रश्न आहेत, फॉर्मवर दोन वेगळे रकाने ठेवा.

३. फ्लोट आणि डबल यांना पैशापासून लांब ठेवा

फ्लोट आणि डबल हे कॉम्प्युटरचे अपूर्णांक ठेवायचे नेहमीचे प्रकार. नवशिक्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा थांबून समजावून घेऊ.

एकाला तीनने भागलं तर दशांशात ०.३३३... असं लिहीतच बसावं लागतं, कुठेतरी थांबायला लागतं. कॉम्प्युटर दोनाच्या पायावर मोजतो, त्यामुळे त्याची हीच पंचाईत एक दशांशाशी होते. ०.१ त्याला नेमका लिहिताच येत नाही, जवळचा काहीतरी लिहितो. म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बहुतेक भाषांमध्ये ०.३०००००००००००००००४ येते. हे पाहून लोक हसतात आणि पुढे जातात. पण १९.९९ ला १०० ने गुणून बघा, उत्तर येतं १९९८.९९९९९९९९९९९९८. आता याचा पूर्णांक करा. बहुतेक भाषा राउंड करत नाहीत, दशांश छाटून टाकतात. १,९९९ पैशांचे झाले १,९९८. एक पैसा गेला. एका बिलात कोणाला कळणार नाही. महिन्याच्या ताळेबंदात ताळा जुळणार नाही आणि हिशोबनीस रात्री दहा वाजता तुम्हाला फोन करेल.

यातून बाहेर पडायचे दोन रस्ते आहेत.

पहिला: रक्कम सगळ्यात लहान एककात पूर्णांक म्हणून साठवायची. १९ रुपये ९९ पैसे म्हणजे १९९९. बेरीज-वजाबाकी अगदी सोळा आणे बरोबर. पण पूर्णांक ६४ बिटांचा घ्या. ३२ बिटांचा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ ला संपतो. पैशात मोजलं तर सव्वादोन कोटी रुपयेही नाहीत. मुंबईतल्या एका बऱ्या फ्लॅटचं खरेदीखत त्यात मावत नाही. जावास्क्रिप्टचा साधा नंबर दोनाच्या ५३ व्या घातापर्यंत नेमका राहतो, पैशात ते साधारण ९० लाख कोटी रुपये. दुकानाला पुरेल, अर्थसंकल्पाची बेरीज करायची असेल तर बिगइंट हा मोठ्या पूर्णांकांचा प्रकार घ्या.

दुसरा: दशांश प्रकार. यातही सापळे आहेत. जावात बिगडेसिमल बनवताना त्याला ०.१ हा डबल दिलात तर आतली सगळी घाण तो इमानाने उचलून घेतो. अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून द्या. शिवाय बिगडेसिमलची इक्वल्स ही पद्धत २.० आणि २.०० यांना वेगळं मानते. बरोबरी तपासायला कंपेअर-टू वापरा. माझा एक अख्खा दिवस या एका गोष्टीत गेला आहे.

कोणता रस्ता घ्यावा? जिथे पैसा खरोखर हलतो, म्हणजे पेमेंट, खातं, शिल्लक, तिथे पूर्णांक. जिथे दर असतो तिथे दशांश प्रकार. दर आणि रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे शेअरबाजारात डॉलर-रुपयाच्या वायद्याचा भाव पाव पैशाने हलतो, ०.००२५ रुपये. पावच काय, पैशाचा अर्धा भागही पूर्णांकी पैशात मावत नाही. कुवेतच्या बिलात मी नेमका हाच गोंधळ केला होता.

जेसनमधून (दोन प्रोग्रॅम एकमेकांना माहिती पाठवतात त्या मजकुराच्या साच्यातून) रक्कम पाठवताना ती मजकूर म्हणून पाठवा. उघडा नंबर पाठवलात तर पलीकडचा प्रोग्रॅम त्याचा डबल करणार, आणि तुमची सगळी मेहनत दारातच वाया.

४. शंभराने गुणू नका

येनला दशांशच नाहीत. कोरियन वॉन, व्हिएतनामी डोंग, चिलीचा पेसो, आइसलंडचा क्रोना यांनाही नाहीत. कुवेत, बहारीन, ओमान, जॉर्डन, ट्युनिशिया यांच्या चलनांना तीन दशांश. चिलीचं युनिदाद दे फोमेंतो नावाचं हिशोबाचं एकक चार दशांशांचं. मादागास्करचा आरियारी आणि मॉरिटानियाचा औगिया तर पाच भागांत विभागतात, शंभरात नाही. मानक त्यांना दोन दशांश देऊन वेळ निभावून नेतं.

माझी दुसरी फजिती यातलीच. एका ऑनलाइन दुकानात रक्कम गेटवेला पाठवताना सगळीकडे 'गुणिले १००' लिहिलं होतं, कारण रुपयाचे पैसे करायचे होते. जपानहून ऑर्डर आली ५,००० येनची. आम्ही त्या बाईंच्या कार्डावर पाच लाख येनची मागणी पाठवली. कार्डाची मर्यादा कमी होती म्हणून व्यवहार नाकारला गेला, नाहीतर माफीच्या ईमेलवर भागलं नसतं.

तेव्हा आज एक काम करा. तुमच्या कोडमध्ये १०० हा आकडा शोधा. पैशाशी संबंधित जिथे जिथे सापडेल तिथे चलनाच्या तक्त्यातून दशांशसंख्या घेऊन दहाचा तितकावा घात वापरा. फॉर्मवरही येन निवडल्यावर दशांश टंकू देऊ नका.

दोन बारीक गोष्टी. एक, मानक आणि सीएलडीआर यांचं नेहमी जमतंच असं नाही. इराकी दिनारला आयएसओ तीन दशांश देतं, सीएलडीआर शून्य, कारण व्यवहारात कोणी दशांश लिहीत नाही. साठवताना आयएसओचं ऐका, दाखवताना सीएलडीआरचं. दोन, दशांशसंख्या बदलू शकते. आइसलंडच्या क्रोनाला पूर्वी दोन दशांश होते, नंतर शून्य झाले. तुम्ही सगळ्यात लहान एककात पूर्णांक साठवत असाल तर तक्ता बदलताच जुनी प्रत्येक नोंद शंभरपट दिसेल. म्हणून नोंदीसोबत त्या वेळची दशांशसंख्याही लिहून ठेवा. एक छोटा कॉलम वाढतो, बाकी काही नाही. काही गेटवे आइसलंडची रक्कम जुन्या ग्राहकांसाठी अजूनही दोन दशांशांच्या हिशोबानेच मागतात. भिंतीवरचं ते पान यासाठीच.

जुन्या वह्यांचं संगणकीकरण करणाऱ्यांसाठी: १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपया सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा आणि १९२ पैंचा होता. देवस्थानाच्या किंवा पेढीच्या १९५० सालच्या रोजकीर्दीतले ३ रुपये ५ आणे ४ पै दशांशात लिहायला गेलात तर ३.३३३... सुरू होईल. अशा नोंदी पैत मोजा: ६४०. छापताना परत रुपये-आणे-पै करा. ब्रिटिश पौंडाचं १५ फेब्रुवारी १९७१ पूर्वी असंच, एका पौंडाचे २४० पेन्स.

५. राउंड ऑफ कसं करायचं, हे सीएला विचारा

प्रोग्रॅमरला वाटतं राउंड ऑफ म्हणजे गणित. खरं तर तो नियम असतो, कधी कायद्याचा, कधी धंद्याच्या रिवाजाचा.

शाळेत शिकलो त्याप्रमाणे अर्धा आला की वर. पण पायथनला २.५ राउंड करायला सांगा, तो २ देईल, ३.५ चे मात्र ४. तो अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे नेतो. याला बँकर्स राउंडिंग म्हणतात, आणि हजारो नोंदींच्या बेरजेत चूक एकाच बाजूला साचू नये म्हणून ते शहाणपणाचंही आहे. पण तुमच्या ग्राहकाच्या सीएला ते चालतं का? आपल्या केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७० म्हणतं, कराची रक्कम जवळच्या रुपयात आणा, ५० पैसे किंवा जास्त असतील तर वर, कमी असतील तर सोडून द्या. इथे सम-विषम काही नाही. म्हणून भाषेच्या आयत्या पद्धतीवर विसंबू नका. राउंड करताना प्रत्येक वेळी नियम स्पष्ट लिहा.

दुसरा प्रश्न, कधी करायचं? प्रत्येक ओळीवर की शेवटच्या बेरजेवर? दोन्हींची उत्तरं वेगळी येतात. ९९ रुपये ५० पैशांच्या वस्तूवर १८ टक्के काढले तर १७.९१. तेच केंद्राचे ९ आणि राज्याचे ९ असे वेगळे काढले तर प्रत्येकी ८.९५५, राउंड होऊन ८.९६, मिळून १७.९२. एका पैशावरून दोन सॉफ्टवेअरची बिलं जुळत नाहीत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. ठरवा, लिहून ठेवा, सीएची सही घ्या. सही म्हणजे ईमेलवरचा होकार पुरे.

तिसरा, वाटणी. १०० रुपये तिघांत वाटायचे तर ३३.३३ तिघांना देऊन एक पैसा हवेत राहतो. भागाकार करून प्रत्येकाला राउंड करू नका. आधी सगळ्यांना खालचा पूर्ण हिस्सा द्या, उरलेले पैसे एकेक करून क्रमाने वाटा: ३३.३४, ३३.३३, ३३.३३. बेरीज परत १०० आलीच पाहिजे, याची चाचणी लिहा. परतावा देतानाही वाटणीचा तोच क्रम ठेवा, नाहीतर ज्याला एक पैसा जास्त मिळाला त्याचा वजा करताना भलत्याचाच कापला जातो.

रोखीचं राउंडिंग आणखी वेगळं. स्वित्झर्लंडमध्ये सगळ्यात लहान नाणं ५ राप्पेनचं (राप्पेन म्हणजे फ्रँकचा शंभरावा भाग), त्यामुळे रोख बिल पाचाच्या पटीत येतं. कॅनडाने फेब्रुवारी २०१३ मध्ये एक सेंटची नाणी वाटणं बंद केलं, तेव्हापासून रोखीचं बिल ५ सेंटांच्या पटीत. कार्डाने दिलं तर मात्र सेंटपर्यंत नेमकं. आपल्याकडे २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, पण यूपीआयवर १ रुपया १७ पैसेही पाठवता येतात. थोडक्यात, पैसे कसे दिले यावर राउंडिंग ठरतं. बिलाची मूळ रक्कम बदलू नका, फरक 'राउंड ऑफ' अशी वेगळी ओळ घालून दाखवा.

६. विनिमय दर: आकडा, तारीख, कुठून घेतला आणि कितीला

दर साठवताना चार गोष्टी लागतात, आणि चौथी सगळे विसरतात. भारतात एफबीआयएल ही संदर्भदर ठरवणारी संस्था रोज डॉलर, युरो, पौंड आणि येनचा संदर्भदर जाहीर करते. त्यातला येनचा दर १०० येनला असतो. सीमाशुल्क विभागाच्या अधिसूचनेतही येन आणि कोरियन वॉन शंभराच्या हिशोबाने येतात, बाकीची चलनं एकाच्या. दराच्या तक्त्यात 'किती एककांना' हा कॉलम नसेल तर टोकियोचा ग्राहक तुम्हाला शंभरपट श्रीमंत वाटू लागेल.

उलटा दर काढून साठवू नका. समजा डॉलर ८४ रुपयांना आहे. उलटा दर ०.०११९ असा चार दशांशांत ठेवला, तर एक लाख रुपयांचे ११९० डॉलर होतात. ८४ ने भागलं तर ११९०.४८. अठ्ठेचाळीस सेंट राउंडिंगनेच खाल्ले. युरो आला तेव्हा युरोपने हे नियमातच लिहून टाकलं होतं: जर्मन मार्कचा दर १.९५५८३, फ्रेंच फ्रँकचा ६.५५९५७, असे सहा सार्थ अंक, ते कापायचे नाहीत, आणि उलटे दर वापरायचे नाहीत.

बिल एकदा निघालं की त्या दिवशीचा दर आणि रुपयातली रक्कम दोन्ही बिलातच गोठवा. मागच्या वर्षीचं बिल आज उघडलं आणि आजच्या दराने रुपये बदलून दिसले, तर तुमच्या सॉफ्टवेअरवर पुन्हा कोणी भरवसा ठेवणार नाही. प्रत्यक्ष पैसे आल्यावर बँकेने दिलेला दर वेगळा असतो. तो फरक विनिमयातला नफा किंवा तोटा म्हणून वेगळ्या खात्यात जातो, बिलात घुसडायचा नाही.

७. दाखवताना

रक्कम कशी दिसावी हे चलनावर ठरत नाही, वाचणाऱ्यावर ठरतं. जर्मन माणूस १.२३४,५६ असं लिहून शेवटी युरोचं चिन्ह लावतो. स्विस माणूस हजारानंतर वरच्या बाजूला स्वल्पविरामासारखी खूण (’) देतो. आपण लाख-कोटीचे गट पाडतो, आणि आपल्या वाचकाला डॉलरची रक्कमही लाखातच लवकर कळते. हे हाताने लिहू नका, तयार फॉरमॅटर वापरा आणि त्याला भाषा व चलन वेगवेगळं सांगा.

मराठीसाठी एक खास सूचना. सीएलडीआरमध्ये मराठी निवडली की आकडे आपोआप देवनागरीत येतात. हिंदीत मात्र इंग्रजी अंकच राहतात. वाचायला छान, पण तो मजकूर परत वाचून आकडा करायला गेलात तर जावास्क्रिप्टला देवनागरी अंक कळत नाहीत, 'हा नंबर नाही' म्हणतो. पायथनला कळतात. तेव्हा दाखवलेल्या मजकुरातून रक्कम कधीच परत काढू नका, मूळ आकडा बाजूला जपून ठेवा. फ्रेंचमध्ये हजाराच्या जागी जी रिकामी जागा दिसते ती साधी स्पेस नसते, न तुटणारी अरुंद स्पेस असते. चाचणीत दोन्ही मजकूर डोळ्यांना सारखे दिसतात आणि चाचणी तरी नापास होते, त्याचं कारण हे.

₹ हे चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० ला स्वीकारलं. ते आयआयटी मुंबईत शिकलेल्या उदय कुमार यांनी रचलं, देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' एकत्र करून. त्याच वर्षी ते युनिकोडच्या ६.० आवृत्तीत आलं. तरीही पीडीएफमध्ये जुना फॉन्ट असेल तर आजही चौकोन छापला जातो, आणि डेटाबेसचा कॉलम लॅटिन-१ या जुन्या अक्षरसंचाचा असेल तर प्रश्नचिन्ह. सौदी रियालला २०२५ मध्ये नवं चिन्ह मिळालं, ते कितीतरी फॉन्टांमध्ये अजून पोचलेलं नाही. शंका आली की चिन्ह सोडा, तीन अक्षरी कोड छापा. निर्यातीच्या बिलावर तर मी नेहमी कोडच छापतो.

८. चलनं बदलतात, नोंदी राहतात

तुर्कस्तानने १ जानेवारी २००५ ला लिरावरची सहा शून्यं काढली, कोड टीआरएलचा टीआरवाय झाला. बेलारूसने २०१६ मध्ये दहा हजार जुन्या रुबलचा एक नवा केला. व्हेनेझुएलाने २०१८ मध्ये पाच शून्यं काढली, २०२१ मध्ये आणखी सहा. क्रोएशियाचा कुना १ जानेवारी २०२३ ला युरोत विरघळला. चलनाच्या तक्त्यात म्हणूनच 'केव्हापासून' आणि 'केव्हापर्यंत' असे दोन कॉलम लागतात. जुना कोड पुसू नका. नव्या बिलांच्या यादीत फक्त दाखवू नका.

१९७८ च्या आधी संपलेल्या चलनांना कोडच नाहीत. पोर्तुगीज काळातल्या गोव्याच्या हिशोबवह्या नोंदवायच्या असतील तर तिथला एस्कुदो यादीत सापडणार नाही. स्वतःचा कोड बनवा, पण चार अक्षरी (अशा वेळी चलनाचा कॉलमही चार अक्षरांचा ठेवा), म्हणजे उद्या एखादा खरा कोड त्याच्याशी धडकणार नाही.

९. सोडण्याआधी एवढं चालवून बघा

• १ येन, ०.००१ कुवेती दिनार, १९.९९ रुपये: साठवा, वाचा, छापा. तिन्ही जशीच्या तशी परत आली पाहिजेत.
• २,१४,७४,८३६ रुपये ४८ पैसे. ३२ बिटांच्या पूर्णांकात न मावणारी पहिली रक्कम.
• उणे अर्धा रुपया राउंड करून बघा. परताव्याच्या पावतीवर शून्य येतं की उणे एक, हे आधी सीएला विचारलेलं असावं.
• १०० रुपये तिघांत, सातांत आणि शून्य जणांत वाटा. शेवटचं उत्तर चूक दाखवणं हेच आहे.
• रुपया आणि डॉलर यांची बेरीज मागा. प्रोग्रॅमने नकार द्यायला हवा.
• बहारीनचा अंकी कोड छापा. ४८ आला तर पायरी २ पुन्हा वाचा.
• मराठी, जर्मन आणि अरबी अशा तिन्ही भाषांत एकच बिल छापून समोरासमोर ठेवा. अरबीत उणे चिन्ह आणि चलन कोणत्या बाजूला जातं ते नीट बघा, आणि अरबी वाचणारा माणूस मिळाला तर त्यालाच दाखवा.

कधी इराणच्या ग्राहकाचं काम आलं तर चाचण्यांच्या आधी फोन उचला. कागदोपत्री चलन रियाल असलं तरी बाजारात माणसं भाव तोमानमध्ये सांगतात, आणि एक तोमान म्हणजे दहा रियाल. त्यांनी पाठवलेल्या भावपत्रकात नेमकं काय आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही.